एमबीबीएसनंतर ब्रिटनला यायचंय? परीक्षेआधी तारखांचा हिशेब मांडा

मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, मग ग्रामीण रुग्णालयात बाँडचं एक वर्ष, आणि २०२३ पासून उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात नोकरी, असा माझा प्रवास. कॉलेजच्या ज्युनियर्सचे फोन येतच असतात. बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी प्लॅब ही दोन भागांची परीक्षा द्यावी लागते, आणि दहापैकी नऊ जणांचा पहिला प्रश्न एकच: "मॅडम, प्लॅब अवघड असते का?"

नसते. ज्यानं मेडिसिनची फायनल धड अभ्यास करून दिली आहे, त्याला प्लॅब जमते. लोक अडकतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे कागदपत्रं, कारण यातल्या जवळपास प्रत्येक कागदाला मुदत असते आणि एक कागद येईपर्यंत दुसरा बाद होतो. दुसरं म्हणजे नोकरी, आणि त्याबद्दल क्लासवाले फारसं बोलत नाहीत. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

१. आधी ठरवा, यायचं आहे का

२०२२-२३ मध्ये प्लॅब झालेल्या माणसाला दोन-चार महिन्यांत काहीतरी नोकरी लागायची. मलाही लागली. आता तसं राहिलेलं नाही. २०२५ च्या भरतीत स्पेशालिटी ट्रेनिंगच्या, म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणाच्या, साधारण दहा हजार जागांना तीस हजारांहून जास्त डॉक्टरांनी अर्ज केले. ज्यांना ट्रेनिंग मिळालं नाही ते सगळे ट्रस्ट ग्रेड आणि क्लिनिकल फेलो अशा ट्रेनिंगबाहेरच्या नोकऱ्यांकडे वळले, म्हणजे नेमके आपण जिथे अर्ज करतो तिथे. त्यात जुलै २०२५ मध्ये सरकारनं इंग्लंडसाठी दहा वर्षांचा आरोग्य आराखडा काढला आणि ट्रेनिंगच्या जागांसाठी ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना, तसंच एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य देणार असं सांगितलं. बाहेरून नव्यानं येणारा माणूस या रांगेत कुठे उभा राहणार हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मी येऊ नका म्हणत नाही. पण दोन गोष्टी करा. नीट-पीजीचा अभ्यास सोडून देऊ नका, आणि सगळी गंगाजळी प्लॅबमध्ये ओतू नका. नोंदणी हातात पडेपर्यंत माझे पाच लाखांच्या जरा खाली गेले. त्यात एक परीक्षा दोनदा दिली तेही आलं. नोकरी लागेपर्यंत हातात काहीच नसतं, तेव्हा तेवढे महिने भारतात कुठेतरी काम चालू ठेवायची तयारी हवी. नुसतं घरी बसून अर्ज टाकणाऱ्याच्या सीव्हीतली पोकळी महिन्यागणिक वाढत जाते आणि ती मुलाखतीत विचारली जाते.

एमडी-एमएस झालेल्यांसाठी प्लॅब हा एकमेव दरवाजा नाही. एमआरसीपी, एमआरसीएस, एफआरसीए अशा तिथल्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा पूर्ण केल्या तर जीएमसी (डॉक्टरांची नोंदणी करणारी तिथली संस्था) प्लॅब मागत नाही. शिवाय एमटीआय नावाची योजना आहे. त्यात रॉयल कॉलेज तुम्हाला पुरस्कृत करतं, जास्तीत जास्त दोन वर्षं काम करून शिकायचं आणि परत यायचं. ज्यांना कायमचं राहायचं नाही, फक्त हात बसवायचा आहे, त्यांच्यासाठी माझ्या मते हीच वाट बरी.

२. नाव तपासा. आज, आत्ता.

हसू नका. माझे चार महिने यातच गेले.

आपल्या विद्यापीठाच्या कागदांवर बहुतेकदा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. दहावीच्या सर्टिफिकेटवर तसंच, पण स्पेलिंग वेगळं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी तुमच्या नावाला चिकटून येतं, कधी येतच नाही. आणि लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. इंटर्नशिप संपली, लग्न झालं, सासऱ्यांनी हौसेनं पासपोर्ट नव्या नावानं करून घेतला. आता डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि मेडिकल कौन्सिलची नोंद पुन्हा जुनीच. जीएमसीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं असतात.

पासपोर्ट हा पाया धरा. इंग्रजीची परीक्षा, प्लॅब, पडताळणी, व्हिसा, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाकायचं. डिग्रीवर वेगळं नाव असेल तर जोडणारा पुरावा हवा. लग्नानं बदललं असेल तर नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र (आणि ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह), इतर कारणानं बदललं असेल तर राजपत्रातली नोंद. लग्न ठरलेलं आहे आणि पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा आहे, अशा मुलींना माझा सल्ला: नोंदणी होईपर्यंत तो बदलू नका. कायद्यानं बदलायची सक्ती नाही. घरच्यांना समजवायला माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

३. कॉलेज सोडण्याआधी हे कागद घ्या

कॉलेजात असताना स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर दहा मिनिटांत मिळणारा कागद दोन वर्षांनी मागायला गेलात की तीन खेटे पडतात. क्लार्क बदललेला असतो आणि रजिस्टर कपाटात असतं. तेव्हा एकदाच बसून हे गोळा करा:

– एमबीबीएसची डिग्री. पदवीप्रदान व्हायचं असेल तर तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र, पण शेवटी डिग्रीच लागते.
– सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका.
– इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आणि त्यासोबत विभागवार तारखांचा तक्ता.
– महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं कायम नोंदणी प्रमाणपत्र.
– बाँड पूर्ण केल्याचा किंवा दंड भरल्याचा दाखला.
– जिथे जिथे नोकरी केली तिथली नेमणूक आणि कार्यमुक्तीची पत्रं, तारखांसह.
– लसीकरणाच्या नोंदी: हिपॅटायटिस बी, गोवर-रुबेला, कांजिण्या. जमल्यास हिपॅटायटिस बीचा अँटीबॉडी टायटरही.

तक्त्याबद्दल जरा थांबून सांगते. "एक वर्षाची आवर्ती इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली" एवढ्या एका ओळीवर जीएमसीचं भागत नाही. मेडिसिनमध्ये किती आठवडे, सर्जरीत किती, तारखा कोणत्या, हे त्यांना लागतं. मेडिसिन आणि सर्जरीचा काळ त्यांच्या लेखी महत्त्वाचा. म्हणून लॉगबुकावरून टाईप केलेला तक्ता, डीन ऑफिसचा शिक्का आणि सही, आणि सहीखाली सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा. आमच्याकडे सही करून नाव न लिहिण्याची पद्धत आहे, ती इथे नडते.

बाँडचंही आधीच मिटवा. सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसला एक वर्षाची सेवा, नाहीतर दहा लाख रुपये. माझं मत विचाराल तर सेवा करा. ग्रामीण रुग्णालयातलं ते वर्ष मला मुलाखतीत जितकं कामी आलं तितकं दुसरं काहीच आलं नाही.

४. इंग्रजीची परीक्षा

दोन पर्याय. आयईएल्टीएस ॲकॅडेमिक, ज्यात एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ हवेत, किंवा ओईटी मेडिसिन, ज्यात चारही भागांत बी ग्रेड. दोन्हीकडे हे एकाच बैठकीत मिळायला हवं. दोन्हीचा निकाल दोन वर्षं चालतो. हा निकाल दाखवल्याशिवाय प्लॅब एकसाठी जागा आरक्षित करता येत नाही.

ओईटी महाग आहे, पण डॉक्टरांची आहे. लेखनात एका पेशंटच्या नोंदी देतात आणि त्यावरून रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांत. मी पहिल्यांदा तिथेच नापास झाले. मला वाटलं, जितकी जास्त माहिती तितके जास्त गुण, म्हणून नोंदींतलं सगळंच कोंबलं. परीक्षकाला पाहायचं असतं ते हे की पत्र ज्याला जातंय त्याला काय लागेल ते तुम्ही निवडलंत का. फिजिओथेरपिस्टला पेशंटच्या पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचं काय करायचंय?

मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नये. मी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. बोलण्याच्या भागात उच्चार साहेबी लागत नाहीत, समजेल असं आणि पेशंटशी बोलल्यासारखं बोलावं लागतं.

५. प्लॅब एक

१८० प्रश्न, तीन तास, पाच पर्यायांतून एक सर्वांत योग्य उत्तर, चुकल्याला गुण कापत नाहीत. वर्षातून चार वेळा होते, भारतातही केंद्रं असतात. फी अडीचशे पौंडांहून जास्त. मुंबईची जागा लवकर भरते, तेव्हा नोंदणी उघडण्याची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवा.

अभ्यासाला नोकरी सांभाळून तीन-चार महिने पुरतात. फक्त एक लक्षात ठेवा: प्रश्न मेडिसिनचे असले तरी उत्तरं ब्रिटनची असतात. घसा दुखतोय म्हटलं की आपला हात अझिथ्रोकडे जातो. तिथे आधी गुण मोजून ठरवतात की अँटिबायोटिक द्यायचंच का. रक्तदाबाला आपण दोन औषधांची एक गोळी पहिल्याच दिवशी लिहितो. तिथल्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पायरी ठरलेली आहे: वय ५५ च्या आत आणि पेशंट आफ्रिकन किंवा कॅरिबियन वंशाचा नसेल तर आधी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी, ५५ च्या पुढे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, पण टाइप टू मधुमेह असेल तर वय काहीही असो एसीई किंवा एआरबी. पहिली फिट येऊन गेलेल्या माणसाला गाडी चालवू नका आणि गाड्यांच्या परवान्याच्या खात्याला कळवा असं सांगणं हा उपचाराचाच भाग. हे आपल्या एकाही पुस्तकात नसतं. प्रश्नसंच सोडवा, आणि जिथे उत्तर पटत नाही तिथे नाइसचं मूळ पान उघडून वाचा. नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स वाचू नका. त्यात दोन वर्षांपूर्वीच बदललेली मार्गदर्शक सूचना निवांत बसलेली असते.

पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत प्लॅब दोन पास व्हावं लागतं. प्रत्येक परीक्षेला साधारण चारच संधी.

६. प्लॅब दोन, म्हणजे मँचेस्टर

ही परीक्षा फक्त मँचेस्टरमध्ये होते. फी हजार पौंडांच्या घरात, वर व्हिसा, विमान, राहणं. सोळा स्टेशनं, प्रत्येकी आठ मिनिटं, आणि आत जाण्याआधी दारावरचा कागद वाचायला दीड मिनिट. आत नट-नटी पेशंट म्हणून बसलेले असतात, काही ठिकाणी पुतळा असतो (शीर सापडवा, कॅथेटर घाला, रक्ताचं कल्चर घ्या). गुण तीन गोष्टींचे: माहिती कशी काढलीत, उपचाराची आखणी काय केलीत, आणि माणसाशी कसं वागलात. एकूण गुण पुरेसे हवेत, आणि शिवाय ठरावीक संख्येची स्टेशनंही पास व्हावी लागतात.

मी परीक्षेआधी तीन आठवडे गेले. एका घरात चार खोल्या, सगळे प्लॅबवाले. संध्याकाळी स्वयंपाकघरात सराव चालायचा. मी, एक नायजेरियन मुलगी, एक इजिप्तचा, एक लाहोरचा. ओट्यावर मोबाईलचा टायमर, एक जण डॉक्टर, एक पेशंट, दोघं परीक्षक. पहिल्याच दिवशी मला वाईट बातमी सांगायचं स्टेशन आलं: पेशंटच्या फुफ्फुसात गाठ दिसली आहे. मी सवयीनं खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." इजिप्तच्यानं टायमर थांबवला. म्हणाला, "तुला कसं माहीत ठीक होईल?"

त्या एका वाक्यावर माझी निम्मी तयारी झाली. आपल्याकडे बातमी नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात, आणि आजोबांना मात्र "सूज आहे, औषधानं उतरेल" एवढंच. तिथे बातमी आजोबांची असते. त्यांची परवानगी नसेल तर मुलालाही सांगायची नाही. मुलगा हातापाया पडला तरीही. स्टेशनात नेमका तोच मुलगा बसवलेला असतो.

पेशंटला स्वतःला काय वाटतंय, भीती कशाची आहे, आपल्याकडून काय हवंय, हे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारावेत असं क्लासमध्ये घोकून घेतात. विचारा, पण पाठ केल्यासारखे ओळीनं नको. त्या नटांनी सकाळपासून तीच तीन वाक्यं तीस तोंडांतून ऐकलेली असतात. पेशंट म्हणाली, "माझी आई यानंच गेली", तर तिथे थांबा. भीती तिनं सांगून टाकलेली आहे, पुन्हा कशाला विचारायची?

व्हिसा यासाठी साधा व्हिजिटर, सहा महिन्यांचा. परीक्षेच्या आरक्षणाचा पुरावा, पैशांचा पुरावा, परत येण्याचं कारण (नोकरीवरची मंजूर रजा असेल तर उत्तम). अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांनी खात्यात टाकलेले सहा लाख हे पैशांचा पुरावा ठरत नाहीत, उलट संशय ओढवतात. पैसे आले कुठून हे कागदावर दाखवा. सातबारा जोडणार असाल तर प्रमाणित भाषांतर लावा. नुसत्या मराठी सातबाऱ्याचा तिथल्या अधिकाऱ्याला काही उपयोग नाही.

याच व्हिसावर क्लिनिकल अटॅचमेंटही करता येते, म्हणजे बिनपगारी निरीक्षक म्हणून वॉर्डात उभं राहणं. दोन आठवडे मिळाले तरी करा. पेशंटला हात लावायचा नाही, पण भाषा कानावर पडते. पगारी काम मात्र एक दिवसही नाही.

७. पडताळणी, गुड स्टँडिंग आणि नोंदणी

तारखांचा खरा खेळ इथे आहे, म्हणून क्रम पाळा.

आधी ईपिक. ही अमेरिकेतल्या ईसीएफएमजीची सेवा आहे. तुम्ही डिग्री चढवता, ते ती थेट विद्यापीठाकडे पडताळणीला पाठवतात आणि अहवाल जीएमसीला जातो. विद्यापीठाचं उत्तर कधी तीन आठवड्यांत येतं, कधी तीन महिन्यांत. म्हणून प्लॅब एकचा निकाल लागल्याबरोबर हे सुरू करा, प्लॅब दोनची वाट पाहू नका. पडताळणीला मुदत नाही, आधी झाली तर नुकसान काहीच नाही.

गुड स्टँडिंग प्रमाणपत्राचं नेमकं उलट. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही असा कौन्सिलचा दाखला. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे नोंदणी होती तिथला प्रत्येक ठिकाणचा लागतो, आणि तो सहीच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. मी शहाणपणा करून तो सगळ्यांत आधी काढून ठेवला. ईपिकचं उत्तर येईपर्यंत तो बाद. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा मुंबईची चक्कर. तेव्हा प्लॅब दोनचा निकाल लागला आणि ईपिक पूर्ण दिसतंय, असं झालं की मगच अर्ज करा. त्याआधी आपल्या कौन्सिलची नोंदणी नूतनीकरणाला आलेली नाही ना तेवढं पाहून घ्या.

मग जीएमसीच्या पोर्टलवर परवान्यासह पूर्ण नोंदणीचा अर्ज. गेल्या पाच वर्षांचा महिनावार हिशेब द्यावा लागतो: कुठे काम केलं, कुठे रिकामे होता. रिकामा काळ लपवू नका, "परीक्षेचा अभ्यास" असं सरळ लिहा. शुल्क चारशे पौंडांहून जास्त. प्लॅब दोन पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नोंदणी मंजूर व्हायला हवी. इंग्रजीचा निकालही तोवर जिवंत असेल असं पाहा.

८. नोकरी

एनएचएस जॉब्स आणि ट्रॅक या दोन वेबसाइटवर जाहिराती येतात. शोधायचं ते क्लिनिकल फेलो, ट्रस्ट डॉक्टर, एसएचओ, एफ-टू पातळी (डिग्रीनंतरच्या दुसऱ्या वर्षाची) या नावांनी. पहिली नोकरी लंडनला हवी हा हट्ट सोडा. समुद्रकाठची, कोळशाच्या जुन्या पट्ट्यातली, नाव न ऐकलेली गावं शोधा. आमच्याकडे मागच्या वर्षी एका जागेची जाहिरात दोन आठवड्यांसाठी टाकली होती. अर्जांचा पाऊस पडला आणि दुसऱ्याच दिवशी ती बंद करावी लागली. म्हणून सूचना चालू ठेवा आणि अर्जाचा मजकूर आधीच तयार ठेवा.

अर्जात सहाय्यक माहितीचा एक मोठा रकाना असतो. निवड तिथे होते. जाहिरातीबरोबर पात्रतेचा तक्ता जोडलेला असतो. त्यातल्या एकेका मुद्द्याला तुमच्या कामातलं एकेक उदाहरण द्या, त्याच क्रमानं. "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" हे कुणी वाचत नाही. "ग्रामीण रुग्णालयात रात्री एकट्यानं कॅज्युअल्टी सांभाळताना सर्पदंशाच्या पेशंटला एएसव्ही सुरू केलं, श्वास मंदावल्यावर इंट्युबेट करून जिल्हा रुग्णालयात हलवलं" हे वाचतात. एखादं ऑडिट हवंच. भारतातलंही चालतं: वॉर्डातल्या चाळीस केसपेपरांत ॲलर्जीची नोंद किती जणांची आहे हे मोजा, सगळ्यांना सांगा, महिन्यानं पुन्हा मोजा. झालं ऑडिट.

संदर्भपत्रं हा आणखी एक सापळा. बहुतेक ठिकाणी गेल्या तीन वर्षांचे संदर्भ मागतात, आणि ते संस्थेच्या ईमेलवरून यावे लागतात. आमच्या विभागप्रमुखांचा पत्ता रेडिफमेलचा. ते देवमाणूस, पण एचआरनं तो पत्ता नाकारला. शेवटी डीन ऑफिसच्या अधिकृत मेलवरून पत्र पाठवून घेतलं, त्यात अकरा दिवस गेले. तेव्हा तुमच्या सरांना आधीच विचारून ठेवा की कॉलेजचा मेल चालू आहे का. आणि सर इतक्यात निवृत्त होणार नाहीत ना, हेही.

मुलाखत ऑनलाइन होते. बिघडलेला पेशंट द्यायचा, तुम्ही श्वासमार्गापासून क्रमानं काय कराल ते सांगायचं. दुसरा प्रश्न नीतीचा, उदाहरणार्थ सहकारी दारूच्या वासासह ड्यूटीवर आला आहे. उत्तरात "मी माझ्या वरिष्ठांना कळवेन" हे वाक्य लवकर यायला हवं. आपल्याकडे रात्री तीनला रजिस्ट्रारला उठवणं म्हणजे कमीपणा, इथे न उठवणं म्हणजे गुन्हा.

एजंटांबद्दल थोडक्यात. नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. "स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट विकत देतो" म्हणणारा माणूस फसवतोय, मग तो तुमच्या गावचा का असेना.

९. कामाचा व्हिसा

ऑफर आली की रुग्णालय स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचा क्रमांक देतं. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचा अर्ज करायचा. यात आरोग्य अधिभार माफ असतो, ही मोठी बचत. क्षयाची तपासणी ब्रिटिश सरकारच्या यादीतल्याच केंद्रात करायची, तिचा दाखला सहा महिने चालतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रही लागतं. ते पासपोर्ट कार्यालयाकडून घ्या आणि पोलीस स्टेशनातून फोन आला तर उचला. परीक्षेला आलेल्या व्हिजिटर व्हिसाचं तिथल्या तिथे कामाच्या व्हिसात रूपांतर होत नाही, परत यावंच लागतं. हे माहीत नसल्यानं परतीचं तिकीट वाया घालवलेली दोन मुलं मला ठाऊक आहेत.

डॉक्टरला नवरा, बायको आणि मुलं सोबत आणता येतात. पण पहिले दोन महिने एकटं या. घर मिळेपर्यंत रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये खोली मिळते का ते एचआरला विचारा.

१०. पहिला महिना

मूळ कागद केबिन बॅगेत. आल्यावर बँक खातं, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवणं. व्हिसा आता डिजिटल असतो, त्याच्या खात्याचा पासवर्ड विसरू नका. घरमालक आणि एचआर दोघंही त्यावरून निघणारा शेअर कोड मागतात. इंग्लंडमध्ये घराची अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

पगार एफ-टू पातळीला २०२५-२६ मध्ये मूळ ४४ हजार पौंडांच्या आसपास, रात्रपाळ्यांचे वेगळे. याला रुपयांत गुणून घरी सांगू नका. कर, पेन्शन, भाडं आणि कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) गेल्यावर उरतं ते लातूरच्या नातेवाइकांच्या कल्पनेपेक्षा बरंच कमी असतं.

जीएमसीचं नवख्या डॉक्टरांसाठी एक मोफत सत्र असतं, ते करा. रुग्णालयाकडे पहिले दोन आठवडे शॅडोइंग मागा, म्हणजे कुणाच्या तरी मागे फिरणं. लेखी मागा, नाहीतर तिसऱ्याच दिवशी रोटात (पाळ्यांच्या तक्त्यात) नाव लागतं. औषधं नेहमी मूळ नावानं. क्रोसिन, पॅन फॉर्टी, मॉनोसेफ हे शब्द इथे कुणालाच कळत नाहीत. माझ्या पहिल्या रात्री मी नर्सला "डेरिफायलिन द्या" म्हणाले आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. वॉर्डातला फार्मासिस्ट तुमचा सगळ्यांत जवळचा मित्र, त्याचं नाव पहिल्या दिवशी विचारून घ्या. कन्सल्टंटला पहिल्या नावानं हाक मारायची असते. मला सहा महिने जमलं नाही, मी नुसतंच "एक्स्क्यूज मी" म्हणत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे.

पेशंट कोसळला तर फोनवर २२२२ फिरवायचा आणि वॉर्डाचं नाव सांगायचं. म्हणून ड्यूटीवर ज्या वॉर्डात पाऊल टाकाल त्याचं नाव आणि मजला आधी दारावर वाचून घ्या.